गुरू मिथुनेत असताना

आमच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि त्याच्या जोडीला ‘सूर्यमालेची ओळख’ हा निवडीचा विषय. तो कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येतो, म्हणून घेतात. पहिल्या तासाला मी दरवर्षी विचारते, हा विषय का घेतला? कुणी म्हणतं सोपा आहे, कुणी म्हणतं वेळापत्रकात बसला. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, मॅडम, यात पत्रिका बघायला कधी शिकवणार? आधी मी हसायचे, मग चिडायला लागले. आता फळ्याकडे वळते आणि सूर्य काढायला घेते.

मुलांचं सोडा. शिकवणारे तरी कुठले वेगळे? एका सहकाऱ्यानं मला नव्या गाडीचा मुहूर्त विचारला होता. शेजारीण मंगळाची शांत कुठं करावी म्हणून विचारून गेली. ग्रह म्हटलं की पत्रिका, एवढंच या गावाच्या डोक्यात बसलंय. इतकी वर्षं मी शिकवतेय, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात गेल्या वर्षी ही पोरगी आली. शेवटच्या वर्षाला होती, कळंब्याहून यायची. घरी म्हशी, पहाटेच्या धारा काढून वर्गात पहिल्या बाकावर. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशीच ‘मी आलो, मी गेलो’ बोलायची, आणि मोठ्यानं बोलायची. पहिल्या तासाला तिनं विषय घेण्याचं कारण सांगितलं की, बुध घरातनं दिसतो म्हणतात, मला अजून दिसला नाही. मी खडू खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

हिवाळ्यात मी वर्गाला सूर्यमाला पायी चालून दाखवली. कॉलेजच्या भिंतीवर खडूनं साडेचार फुटी वर्तुळ काढलं, तो सूर्य. त्या मापात पृथ्वी काचेची गोटी होते, चंद्र ज्वारीचा दाणा, गुरू सोललेला नारळ आणि नेपच्यून लिंबाएवढा. अंतरंही त्याच मापानं धरायची, म्हणजे पृथ्वी दीडशे मीटरवर आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, थेट कळंबा तलावाच्या बांधावर. रविवारी सकाळी मोठ्या उत्साहात निघालो. शनीपाशी मिसळीचं दुकान लागलं आणि निम्मा वर्ग तिथंच स्थिरावला. युरेनसनंतर उरलेल्यांना घरची कामं आठवली. नेपच्यूनपर्यंत आम्ही दोघीच पोचलो. मी तिचं कौतुक करायला गेले, तर म्हणाली, तसंही मला घरीच जायचं होतं.

तिनं लिंबू तलावाच्या बांधावर ठेवलं आणि मागं शहराकडे बघत राहिली. याच्या पुढं काय, असं विचारलं. मी सांगितलं, बर्फाची ढेकळं, तीही फार लांब लांब, आणि मग बहुतेक काहीच नाही.  तिनं लिंबू उचलून पिशवीत टाकलं, सरबत करायला.

त्या महिन्यांत गुरू मिथुन राशीत होता, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, सगळ्या आकाशात ठळक. कॉलेजच्या गच्चीवर आमची जुनी दुर्बीण लावून मी मुलांना त्याचे चार चंद्र दाखवले. बाकीच्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि गेले. ही दर आठवड्याला येत राहिली. गुरू त्या दोन ताऱ्यांपासून कुठं सरकला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. तो उलटा चाललाय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. घरच्या पंचांगात वक्री लिहिलंय, ते खरंच दिसतंय की, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला पुण्याला एमएस्सीला पाठवायचं मनाशी पक्कं केलं. मनाशी पक्कं करणारी मी कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

संक्रांतीनंतर तिला स्थळं यायला लागली. चंदगडकडचं एक घरच्यांच्या मनात भरलं. काजूचा कारखाना, घर मोठं, माणसं चांगली. माणसं चांगली असतातच, म्हणून तर कुणाला नाही म्हणता येत नाही. मी वडिलांशी बोलते म्हटलं, तर ती म्हणाली, तुम्ही राहू द्या मॅडम, मी बघतो काय करायचं ते. तिला दोनच वर्षं हवी होती. एमएस्सी झालं की पुढं कुठंही द्या, असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि कुणी ऐकत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तिचे वडील कॉलेजात आले. पांढरी टोपी, हातात खरवसाचा डबा, काखेत पंचांग. खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांनी सांगितलं ते असं. लेक तुमच्याकडे ग्रहांचं शिकते. तिनं स्वतःची पत्रिका काढून घरात सांगितलं, की तिची रास सिंह, जूनमध्ये गुरू कर्केत जातो तो तिला बारावा, मग सिंहेत येतो तो जन्माचा. म्हणजे दोन वर्षं गुरुबळ नाही, लग्न करायचं नाही. भटजींना विचारण्याआधी तुम्हाला विचारावं म्हणून आलो.

माझ्या लगेच लक्षात आलं. पोरीनं त्यांच्याच पंचांगाची काठी करून लग्नाचा साप मारायला घेतला होता. मला हसू दाबावं लागलं. त्यांनी पंचांग पुढं केलं आणि विचारलं, “जूनात गुरू मिथुनेतनं हालतोय, हे खरं हाय का, मॅडम?”

“खरं आहे,” मी म्हणाले. ते खरंच होतं. आकाशातली जागा विचारली, मी ती सांगितली. बाकीचं त्यांचं त्यांनी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. दोन वर्षं मिळाली, असं मी धरून चालले होते.

त्यांनी पंचांग मिटलं. चेहरा एकदम मोकळा झाला. “मग बरं झालं वेळेत कळलं. त्याच्या आत उरकून टाकतो. चंदगडच्या पावण्यांना कळवतो, वैशाखातच बार उडवू. पुढं अधिक महिना हाय.”

मी ताडकन उठले. मग मी जे बोलले ते पूर्वी पहिल्या तासाला चिडून बोलायचे तेच. गुरू हा वायूचा गोळा आहे, त्याला तुमच्या लेकीचं लग्न माहीत नाही, राशी म्हणजे माणसानं मारलेल्या रेघा. तावातावानं बोलले. पोरगी हुशार आहे, तिला शिकू द्या, हेही बोलले, अगदी हात जोडून. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते. रागावले असते तर मला काही आशा वाटली असती. शेवटी उठले, खरवसाचा डबा माझ्या पुढं सरकवला आणि म्हणाले, “तुमचं बरोबर असंल. पण गुरू हालतोय, हे आत्ता तुम्हीच म्हणाला की.”

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली. डोळे सुजलेले, पण बसली पहिल्याच बाकावर. त्या दिवशी शनीची कडी शिकवायची होती, ती मी शिकवली, काय शिकवलं देव जाणे. तास संपल्यावर मी तिच्यावरच उखडले. सांगायचंच होतं, तर आत्तापासूनच गुरुबळ नाही म्हणून सांगायचं. जूनपासून कशाला सांगितलंस? त्यांना पळवाट तू दिलीस.

तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मीच वेडी. “गुरू मिथुनेत हाय, मॅडम. मी रोज बघतो. न्हाई कसं म्हणू?”

 आकाशात जे दिसतं तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. वर्गात एवढी मुलं बसलेली, आणि ते नेमकं तिनं एकटीनंच मनावर घेतलं. माझ्या नोकरीत मला मिळालेलं यश म्हणाल तर ते एवढंच.

लग्न वैशाखात, कळंब्याच्या मंगल कार्यालयात, गोरज मुहूर्तावर झालं. जायचं नाही असं मी दोनदा ठरवलं आणि गेले. तिच्या वडिलांनी मला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं आणि चंदगडच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, “ह्या आमच्या मॅडम. ह्यांनीच टायम काढून दिला.” पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. अक्षता पडल्या. ती माझ्या पाया पडायला आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, रागसुद्धा नाही. चंदगडला पावसाळ्यात चार महिने आभाळ दिसत नाही म्हणे, एवढंच ती बोलली. आमच्या मापात चंदगड नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडे पडतं. मी मनात हिशेब करत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी बाहेर मांडवात येऊन बसले. वराकडची एक बाई शेजारी टेकली. मघापासून माझ्याकडेच बघत होती. थोरल्या बहिणीची नात बारावीला आहे, म्हणाली, यंदा तिचंही उरकायचं चाललंय. समोर ती नात मैत्रिणींबरोबर कुल्फी खात उभी होती, कशावरून तरी हसत. बाईनं मोबाईलवर नातीच्या पत्रिकेचा फोटो उघडून माझ्या हातात दिला. कधी योग आहे बघता का, म्हणाली.

मी बघितलं. तिचीही रास सिंहच होती.

“आत्तापासून दोन वर्षं गुरुबळ नाही,” मी म्हणाले. “नावसुद्धा काढू नका. शिकू दे तिला तोवर.”

बाईनं मान डोलावली. मला कोण तपासणार होतं? मांडवाच्या झालरीखाली, पश्चिमेला, गुरू मिथुनेतच होता, लख्ख दिसत होता.