तिरक्या रेषेतले भूकंप

भूकंप नोंदवणाऱ्या केंद्राच्या तळघरात बाईंनी एकतीस वर्षं काढली. नोंदी वाचायला कायम हातात भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाईच म्हणायचे. आता सत्तरी उलटली, तरी लाखेचा वास आला की त्यांना ते तळघर आठवतं. जाड भिंती, संथ फिरणारे तीन रूळ आणि त्यांवर काजळी धरलेले कागद. दूर कुठे जमीन हादरली की सुई काजळीत बारीक रेघ ओढायची. सकाळी कागद उतरवायचे, काजळी पुसली जाऊ नये म्हणून लाखेच्या द्रावणातून काढायचे आणि धुणं वाळत घालावं तसे दोरीवर टांगायचे. मग भिंग घेऊन बसायचं.

समुद्रापलीकडच्या एका किनाऱ्यावरून धक्के वरचेवर यायचे. पहिल्या लहरीमागून दुसरी, तिची धाकटी बहीण यायची. ही आधी वर जाऊन, जमिनीच्या पाठीला आपटून मग निघालेली. दोघींमध्ये जितका वेळ जास्त, तितका भूकंप खोल. एकदा ते अंतर दोन मिनिटांच्या वर भरलं. हिशेबाने खोली आली सहाशे किलोमीटर.

केंद्राच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, इतक्या खोलात दगड तापून मऊ झालेला असतो. मऊ दगड तुटेल कसा?"

बाईंनी चारदा मोजलं. उत्तर हलेना. साहेबांनी नोंदीपुढे 'शंकास्पद' लिहिलं, ते बाईंच्या फार मनाला लागलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने आलेखाचा मोठा कागद आणून दिला आणि म्हणाला, "वाद घालत बसू नकोस. एकेक ठिपका देत जा."

त्या किनाऱ्याचा प्रत्येक भूकंप बाई कागदावर उतरवू लागल्या. आडवं अंतर, उभी खोली. रविवारी नवरा पेन्सिलींना टोक करून द्यायचा आणि ठिपके बघत बसायचा. समुद्रातल्या खोल चरापाशी ठिपके उथळ, आणि तिथून खंडाकडे सरकावं तसे खोल खोल. "जिना उतरतंय गं काहीतरी," तो एकदा म्हणाला. ठिपके द्यायला लागल्याच्या अकराव्या वर्षी तो वारला. बाईंनी ठिपके देणं सोडलं नाही.

पुढे केंद्रात एक तरुण संशोधक आली. तिने तो कागद पाहिला आणि खुर्ची ओढून बसलीच. समुद्राचा तळच खंडाखाली सरकतोय, तिने सांगितलं. नखं वाढतात त्या वेगाने. आतून थंड आणि कडक राहतो, म्हणून इतक्या खोलातही तिथे भूकंप होतात. त्याने नेलेल्या पाण्याने वरचा दगड वितळतो, ज्वालामुखी उठतात, खंडाच्या काठाला नवी जमीन जुळते. आणि तो बुडता बुडता खालचं सारं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा तापलेला दगड, हळूहळू ढवळत राहतो.

निवृत्त झालेले साहेब मुद्दाम कागद बघायला आले. वाकून एकेक ठिपका पाहिला. मग म्हणाले, "मी तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं."

बाईंनी त्यांना चहा दिला. राग कधीच विरला होता. फक्त हे ऐकायला नवरा नव्हता, एवढंच सलत राहिलं.

आता केंद्रात संगणकाचे पडदे आहेत, रूळ नाहीत. बाईंची लेक विचारते, आई, तुला तिथलं काय आठवतं? बाई भूकंपाचं सांगतच नाहीत. रविवारची दुपार सांगतात, जमिनीवर पसरलेला कागद, आणि टेबलाखाली घरंगळलेली पेन्सिल शोधताना एकमेकांवर आपटलेली दोघांची डोकी.