नातीला हरवणारी मुलगी

कॉव्हेंट्रीत आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लॉन्ड्रेट होतं, नाणी टाकून मशीनवर आपले आपण कपडे धुवायचं दुकान. दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे कपडे धुवायला गेलो की एक म्हातारे इंग्रज गृहस्थ असायचेच. मोज्यांचीसुद्धा साडीसारखी चापूनचोपून घडी घालायचे आणि हवामानापलीकडे काही बोलायचे नाहीत.

एका शनिवारी भिंतीवरच्या टीव्हीवर युरोपभरच्या मुलांची गाण्याची स्पर्धा लागली होती. ब्रिटनची मुलगी गायला आली तसे ते उठून उभे राहिले.

"तुमच्या ओळखीची आहे का?" मी विचारलं.

"नाही. इथल्या निवडीत हिने माझ्या नातीला हरवलं."

"मग ही हरली तर बरंच की!"

"छे! हिने जिंकायलाच हवं. नाहीतर आमची कोणाकडून हरली म्हणून सांगायचं?"

निकालात ब्रिटन बरंच खाली गेलं. त्यांनी नातीला फोन लावला, तिचं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

"रडतेय," ते म्हणाले. "त्या मुलीसाठी."

मग ड्रायरमधून चादर काढून त्यांनी, काही न विचारता, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.