मेन पाडला का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इथे लोक आपापले भुताखेताचे अनुभव लिहितात ते मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसलोय. मी ओझरकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, सत्तावीस वर्षं झाली. फेज, न्यूट्रल, अर्थिंग... यापलीकडे काही अदृश्य असतं असं मला कधी वाटलं नाही. घराचा स्लॅबसुद्धा मी अमावस्येला टाकला होता. मुद्दाम.

घर नाशकातच, आडगावच्या पुढे, हायवेवरून आत. चौदा घरांच्या कॉलनीतलं शेवटचं. विजेचा शेवटचा खांब आमच्या कंपाउंडला लागून, त्यावरून घरात सर्व्हिस वायर येते. मीटर आणि मेन स्विच पोर्चमध्ये. मेन जुना, लोखंडी, बाजूला दांडा असलेला. दांडा खाली पाडला की घर बाहेरच्या लाईनपासून तुटतं.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी तीनपर्यंत नुसतं भाजून निघतं, मग वारा सुटतो, गारा पडतात आणि लाईट जाते. शेवटच्या घराला ती शेवटीच येणार. म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्याचं वेगळं वायरिंग करून घ्यायला हवं होतं, पण मला येतं ना सगळं! दोन्ही टोकांना थ्री-पिन लावून एक वायर बनवली. लाईट गेली की मेन पाडायचा, वायरचं एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं हॉलमधल्या प्लगला. अख्खं घर चालू. शेजारचे वाघ म्हणायचे, "तुम्हाला बरं जमतं हो हे सगळं." मला ते आवडायचं.

यात अट एकच. मेन पाडायलाच हवा. नाही पाडला, तर इन्व्हर्टरचा करंट उलटा सर्व्हिस वायरने खांबावर जातो.

चार वर्षांपूर्वी अशाच एका वादळात आमची सर्व्हिस वायर खांबापाशी तुटली. आमच्या भागाचे वायरमन पगारे — नाव बदललंय. मी त्यांना सात फोन केले. सातव्याला म्हणालो, "पगार फुकट घेता का तुम्ही?"

"वीस ठिकाणी तारा पडल्यात साहेब. उडून येऊ का?" ते म्हणाले.

पावणेचारला आले. चिंब भिजलेले, हातमोजे फाटले म्हणून नुसत्या हातांनी. पुढच्या डीपीवर जाऊन फ्यूज काढले, म्हणजे लाईन बंद. मग आमच्या खांबाला शिडी लावली आणि वरून ओरडले, "साहेब, मेन पाडला का?"

माझ्या मुलीचा, स्नेहलचा, चार वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मी हॉलमध्ये प्लगपाशी वाकलेलो. तिथूनच ओरडलो, "हो हो, पाडलाय! चढा तुम्ही!"

पाडला नव्हता. उठून पाडतोच आता, असं मनात होतं. तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "बाबा, राउटर!" आणि मी इन्व्हर्टरचं बटण दाबलं.

बाहेरून एक 'आं' ऐकू आलं. मग कंपाउंडच्या ग्रिलवर काहीतरी जड पडल्याचा आवाज.

आता जे लिहितोय ते लिहायला मला चार वर्षं लागली. मी बाहेर पळालो नाही. आधी वायर उपटली. गुंडाळून बॅटरीच्या मागे टाकली. मग पोर्चमध्ये जाऊन मेन पाडला. मग पळालो.

पगारेंचा उजवा हात ग्रिलमध्ये चेंगरला होता. कोपराच्या वरून काढावा लागला.

चौकशी झाली. पगारे हॉस्पिटलमधून एकच सांगत होते — मला करंट बसला. पण फ्यूज त्यांच्याच खिशात सापडले होते. चौकशीला आलेले साहेब हसले, "मेलेल्या लाईनला करंट कुठला?" मला विचारलं, मेन? मी म्हणालो, खालीच होता. मग सहज विचारल्यासारखं, "प्यायलेला वाटत होता का हो?"

"वास आल्यासारखा वाटला... नक्की नाही सांगता येणार."

कागदावर 'नक्की नाही' आलंच नाही. दारूच्या नशेत घसरून पडला, असं आलं. मी वाचलं आणि सही केली. पगारेंची नोकरी गेली.

महिन्याभराने मी घराचं वायरिंग रीतसर करून घेतलं. रफिकभाई म्हणून इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडून. त्यानंतर पहिल्यांदा लाईट गेली, तेव्हा इन्व्हर्टरवर घर चालू झालं... तीनेक सेकंद. मग पोर्चमधून आवाज आला. खट्! आणि सगळं बंद. जाऊन पाहतो तर मेनचा दांडा खाली.

वाटलं, स्प्रिंग गेली. मेन बदलला, नवा एमसीबी बसवला. पुढच्या वेळी तोही खाली. रफिकभाईंनी तीनदा येऊन तपासलं. शेवटी टेस्टर खिशात घालत म्हणाले, "साहेब, मेन पडला म्हणून इन्व्हर्टर बंद पडायचं कारणच नाय. वायरिंग अलग आहे. पण पडतंय. आता मला बुलवू नका." त्यांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. जुना मेन चांगलाच होता, म्हणून मी तोच परत बसवला.

मग ते वाढत गेलं. लाईट गेली की चार्जिंगचा दिवा, सोलरचा कंदील, टॉर्च — आमच्या कंपाउंडच्या आत काही पेटेना. तोच कंदील वाघांच्या ओट्यावर नेला की लख्ख. गेल्या मेमध्ये बेचाळीस डिग्रीत घरात बसवेना, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे घर आपल्यावर चिडलंय. काय केलंय आपण?" मी तिच्यावरच खेकसलो.

एका दुपारी आभाळ भरून आलं, तसा मी ठरवून दांडा धरून उभा राहिलो. दोन्ही हातांनी, वर रेटून. उजेड होता, पोर्चमध्ये मी एकटा. लाईट गेली. एक... दोन... आणि माझ्या हातांवर हात पडला.

दिसत काहीच नव्हतं. ओला, खरखरीत तळवा, अंगठ्याखाली जाड घट्टा. मी वर रेटत होतो, तो खाली. कमकुवत माणूस नाही मी. पण त्याला जोर लावावाच लागला नाही. दांडा खाली आला, माझं बोट त्यात चेंगरलं आणि नख गेलं.

तो तळवा मी ओळखला. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना तोच हात मी धरला होता.

पगारे गेले असणार, असं मी धरून चाललो. खरं लिहायचं तर, गेले असते तर सोपं झालं असतं. पण चौकशी केल्यावर कळलं की ते मनमाडजवळ भावाच्या गावी राहतात. मी गेलो. भर दुपारी, 'इकडं काम होतं' असं सांगत.

पगारे ओट्यावर बसले होते. शर्टाची उजवी बाही गाठ मारलेली.

"काय पाहायला आलात? हात? तो तर नाशकातच राह्यला."

त्यांच्या बायकोने पाणी आणलं. तांब्या माझ्या पुढ्यात आदळला. "दारूचा थेंब शिवला नाय यांनी जन्मात. आता विहारात पंचशील म्हणायला उभे राह्यले की पाचव्या शीलाला मागून लोक खाकरत्यात. जाणंच सोडलं यांनी."

पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं. मला ते तिथेच, त्या घरात, पहिल्यांदा कळलं.

"तू गप," पगारे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "साहेब, मी वरून विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही पाडलाय म्हणालात."

"हो."

"मग करंट आला कुठून? तुम्ही मेंटेनन्सचे. तुम्ही सांगा."

मी पाणी प्यायलो. पूर्ण तांब्या. ते वाट पाहत होते.

तेवढ्यात त्यांनी दात आवळले. ती रिकामी, गाठ मारलेली बाही एकदा खाली ओढल्यासारखी हलली. "आलं बघा," ते म्हणाले. "हात नाय, पण मूठ वळती. खटका धरल्यावाणी. डॉक्टर म्हनला, असं होतं. मी आपला खाली ओढून टाकतो, मग लय बरं वाटतं."

माझा फोन वाजला. बायको. "अहो, लाईट गेली. आणि तो मेन पुन्हा पडला बघा आत्ता."

फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी 'येतो' म्हणालो आणि निघालो. गाडीपर्यंत जाताना मागून त्यांची बायको कुणाला तरी सांगत होती, "यानंच सांगितलं व्हतं वास येतोय म्हनून."

याला आठ महिने झाले. नसलेला हात ऐंशी किलोमीटरवरचा दांडा कसा पाडतो, आणि मेनशी संबंध नसलेला इन्व्हर्टर त्याने का मरतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रफिकभाईंकडे नाही. पगारेंच्या डॉक्टरला मी विचारलेलं नाही. काल दुपारीही पडला.

मेन मी पाडला नव्हता. करंट माझ्या घरातून गेला. पगारेंच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. ही तीन वाक्यं मला त्यांच्यासमोर, त्यांच्या विहारात उभं राहून आणि चौकशीच्या कागदावर माझ्या सहीने सांगायची आहेत. इथे नाव बदलून लिहिलं, ते मी त्यात धरत नाही. ती तीनही अजून बाकी आहेत.