पैऱ्याचा प्रोग्राम

आष्ट्याच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवून आबा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले, धोतराला हात पुसले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "एकट्यानं वडू नगंस. तितं बी कुनाशी तरी पैरा धर. एका बैलानं नांगर चालत न्हाई." मिरजेहून पुढची गाडी उत्तरेकडची होती. सांगलीचं इंजिनिअरिंग संपवून मी कॉम्प्युटर सायन्स शिकायला निघालो होतो. सत्तरच्या दशकात आमच्या गावात ते काय असतं हे कुणालाच, खरं तर मलाही, धड ठाऊक नव्हतं.

गावाकडच्या भावंडांनो, तुम्हाला पैरा सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना सांगावा लागेल. आमच्या दावणीला एकच बैल, शेजारच्या शंकरनानांकडे एक. आज दोन्ही बैल आमच्या रानात, उद्या त्यांच्या. माणसांचंही तसंच. कुणी कुणावर उपकार करत नसे.

तिथल्या संस्थेत पहिल्याच तासाला सरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटला. दर आठवड्याला एक प्रोग्राम, मध्ये दोन क्विझ, शेवटी मोठी परीक्षा, कशाला किती वजन ते सगळं त्यात होतं. प्रोग्राम ज्याचा त्यानं लिहायचा, हेही होतं. आमच्याकडे असा कागद परीक्षा आल्याशिवाय कोण वाचतो? मीही तो घडी करून उशीखाली सारला. मार्क मिळाले तरी ते आपले नसत. वर्गात बाकीच्यांनी काय दिवे लावले ते बघून मग ए, बी, सी अशी अक्षरं ठरत. सरासरी घसरली की स्कॉलरशिप बंद, म्हणजे ट्रंक उचला आणि आष्टा गाठा.

माझा खोलीमित्र राजन केरळचा. प्रोग्राम तेव्हा मशीनवर जाड कार्डांना भोकं पाडून लिहायचा. गणित त्याचं पक्कं, पण त्या पंचिंग मशीनवर बसला की दर दुसरं कार्ड वाया घालवायचा. माझा हात बरा, डोकं बेताचं. आबांचं सांगणं मी अक्षरशः पाळलं. एका आठवड्याला दोघं मिळून त्याचा प्रोग्राम उभा करायचो, पुढच्या आठवड्याला माझा, आणि तोच थोडा इकडेतिकडे करून दुसऱ्याच्याही नावावर जायचा. कॉम्प्युटरच्या एसी लावलेल्या खोलीच्या खिडकीतून कार्डांचे गठ्ठे आत देताना मला आपण फार शहाणे आहोत असं वाटायचं.

एक दिवस सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन प्रिंटआउट शेजारी शेजारी होते. प्रोग्राममध्ये आकडे साठवायच्या खान्यांना मी गावाकडची नावं द्यायचो, इंग्रजी अक्षरांत बैल, शेत, विहीर. सरांनी राजनच्या कागदावरच्या एका नावावर बोट ठेवून त्याला शांतपणे विचारलं की बैल म्हणजे काय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पैरा समजावून सांगायला गेलो, पण इंग्रजीत तो चोरीसारखाच ऐकू येत होता. दारात उभी असलेली पोरं हसली. त्या तासापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत मी वर्गात मान वर केली नाही. प्रोग्रामांचा भाग दोघांचाही शून्य झाला. नोटीस बोर्डावर माझ्या नंबरापुढे सी लागला. स्कॉलरशिप जेमतेम वाचली.

सुट्टीत घरी आलो तेव्हा उसाला तोड लागली होती. आबांनी पारावर सांगून ठेवलं होतं की पोरगं पहिलं येणार. मी म्हणालो, सी आलाय.

"म्हंजी नापास?"

नापास नाही म्हणालो. कितवा आलास, पैकी किती, असं त्यांनी विचारलं. तिथं तसं नसतं, हे सांगता सांगता माझा पारा चढला. शरम मला झाली होती आणि ती कुणावर तरी टाकायला हवी होती. मी बोलून गेलो, "तुमीच सांगितलंतं न्हवं आबा, पैरा धर म्हणून? तेच केलं."

आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय."

मी "नाही" म्हणालो नाही. एवढा एक शब्द होता आणि तो माझ्या तोंडून निघाला नाही.

परत निघालो तेव्हा त्यांनी ट्रंक टपावर चढवली, खिडकीशी आले आणि नुसते उभे राहिले. मी वाट पाहत होतो. शेवटी मीच म्हणालो, "काय सांगायचं नाही का?" ते म्हणाले, "तितलं तुलाच जास्ती कळतंय, बाबा." गाडी सुटली.

पुढं मला ए मिळाले, एकट्यानं मिळवलेले. पुढं परदेश आला, शिकवायची नोकरी, घर, सगळं आलं. दर वेळी निघताना आबा यायचे, सामान उचलायचे, पाठीवर हात ठेवायचे. पण लग्न ठरवताना, घर घेताना, कधीही त्यांनी मला असं कर, असं करू नगंस म्हटलं नाही. पारावर पोरं त्यांना विचारायला यायची. त्यांना ते तासभर सांगत बसायचे आणि मी आलो की गप्प व्हायचे.

आता दर सेमिस्टरला मीच तो कागद वाटतो. ज्याचं काम त्यानं करायचं, हे वाचून दाखवतो, कारण घडी घालणारे कोण ते मला ओळखता येतं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आष्ट्याला घर आहे, रान आहे, तुम्ही सगळे आहात, आलो की पानात गरम भाकरी वाढता. पण माझ्यापुरतं घर म्हणजे त्या एसटीची खिडकी, जिथं कुणीतरी येऊन मला अडाण्यासारखा, चुकीचा का होईना, एक सल्ला देई. ते घर मी माझ्या तोंडानं बंद केलं.