काकूचे हात आणि बाबांचा गॅस

माझी मोठी काकू चरस करायची. घरात ही गोष्ट कुणी लपवत नव्हतं, घराबाहेर बोलायची नाही एवढंच. गावातल्या निम्म्या बायका तेच करत. भांगेच्या झाडांचे तुरे चिकट झाले की त्या डोंगरउतारावर जात आणि ओले तुरे दोन्ही तळहातांत धरून चोळत बसत. हातावर काळपट राळ चढायची. संध्याकाळी ती अंगठ्याने खरवडून गोळी वळली की दिवस संपला. एवढ्या मेहनतीची गोळी जेमतेम सुपारीएवढी.

काकूचा माल चोख असायचा, कारण तिला घाई नसे. "राग काढल्यासारखं चोळू नकोस," ती माझ्या आईला म्हणायची, "पाला मिसळतो. बाळाला तेल लावतेस तसा हात फिरव." स्वतः मात्र तिने कधी ओढला नाही. धुराने तिला मळमळायचं.

काका ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो तिच्या धाकट्या दिराचा, म्हणजे माझ्या बाबांचा. बाबांना हातकामाचा भारी कंटाळा. शहरातून त्यांनी बारीक जाळ्या आणल्या. वाळलेले तुरे त्यावर घोळवले की खाली पिवळसर भुकटी पडायची, ती दाबून वड्या करायच्या. मग बर्फाचं खूळ आलं. गार पाण्यात तुरे घुसळून राळ वेगळी करायला आमचं कपडे धुण्याचं मशीन गेलं. आई पुन्हा दगडावर कपडे आपटू लागली. "चरस धुऊन निघतोय," ती म्हणाली, "आणि माणसं मळकी राहिलीत."

काकूने विरोध केला नाही. भुकटी चिमटीत घेऊन म्हणाली, "चांगली आहे हो भाऊजी." तिला वाईट वाटलं असेल, तर चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग बाबांनी गॅस आणला. गॅसने राळ उतरवली की मधासारखं तेल मिळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. वास गल्लीत जाऊ नये म्हणून ते मागच्या खोलीचं दार आतून लावून घेत. काकू एकदा म्हणाली, "खिडकी तरी उघडा." बाबा म्हणाले, "वहिनी, तुम्ही तुमचं चोळा."

दोन दिवसांनी दुपारी ती खोली उडाली. खोलीतल्या फ्रिजच्या ठिणगीने गॅसने पेट घेतला असावा, असं नंतर कळलं. खिडकी चौकटीसकट अंगणात येऊन पडली. काकू तिथेच बसली होती. ती त्या भगदाडातून आत शिरली आणि बाबांच्या काखांत हात घालून त्यांना ओढत बाहेर घेऊन आली.

रिक्षात आईने सगळ्यांना बजावलं, "चहा करताना शेगडी भडकली. बस्स, एवढंच सांगायचं." आम्ही माना हलवल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आग लागली ती जागा उघडी होती का?" आई म्हणाली, "हो, हो, स्वयंपाकघर." मागे हवालदार उभा होता. बाबांचे हात सोलून निघाले होते, पण ते बोलत होते, फक्त आवाज घोगरा झाला होता. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही डॉक्टर. दार बंद होतं. खोलीभर गॅस साचला होता, आम्ही त्याने चरस काढतो. आग श्वासाबरोबर आत गेली असेल."

डॉक्टरांनी लगेच घशात नळी घालायला घेतली. हवालदाराने काकूला बाजूला बोलावून विचारलं, "तुम्ही काय करता?" काकूने काळे तळवे पुढे केले.

दोघांनाही शिक्षा झाली. काकू लवकर सुटली. बाबा आले तेव्हा त्यांची बोटं आखडून गेली होती आणि काकूशी त्यांचं बोलणं बंद होतं. ताटावर बसले की आईला म्हणायचे, "तिला सांग, मीठ कमी आहे." काकू म्हणायची, "भाऊजी, मीठ तुमच्यासमोरच आहे."

पुढे कायदा बदलला. या झाडाचं औषध करायला परवाने मिळू लागले आणि औद्योगिक वसाहतीत एक कंपनी आली. जुन्या शिक्षेमुळे नाकारतील अशी धास्ती होती, पण काकूला कामावर घेतलं. तिथे स्टीलच्या उंच टाक्या, अंगात पांढरा कोट, डोक्याला टोपी, हातात मोजे. राळेला उघडा हात लावायचा नाही. "दिवसभर राबते आणि हाताला वासही नाही," ती म्हणायची. "घरी आल्यावर काम केलंय असं वाटतच नाही."

एकदा बाबांचा घसा तपासायला आई त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर आतले जुने व्रण पाहून म्हणाले, "नळी वेळेवर घातली म्हणून वाचलात. घसा सुजल्यावर ती जात नाही."  परत येताना बाबांनी आईला बसमधून एकटीलाच पुढे पाठवलं आणि ते मध्येच उतरले.

काकू कंपनीच्या फाटकातून बाहेर आली तेव्हा ते समोर उभे होते.

"वहिनी, पिशवी द्या," ते म्हणाले.

त्यांची बोटं मिटत नव्हती म्हणून काकूने पिशवी त्यांच्या कोपरात अडकवली. माफी वगैरे काही झालं नाही. थोडं चालल्यावर बाबांनी विचारलं, "तिथे गॅस कसा बाहेर काढतात?"

"पंखे आहेत," काकू म्हणाली. "भिंतभर."

"भिंतभर?"

"भिंतभर. आणि दारं कुलूपबंद ठेवत नाहीत."

बाबांनी मान हलवली आणि पिशवी सावरत तिच्याबरोबर चालत राहिले.