हात वर केलेली बाई

माझ्या मामीला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळ्या जगाने तिला आई करून टाकलंय. परदेशातल्या स्टेशनांवर, मदत मागणाऱ्या पत्रकांवर, कुठल्याशा बक्षीस समारंभाच्या पडद्यावर तिचा एकच फोटो झळकला. काळी शाल डोक्यावरून घसरलेली, तोंड उघडं, दोन्ही हात वर. खाली लिहिलेलं, 'एका आईची प्रार्थना'.

मामी प्रार्थना करत नव्हती. ती आमच्या गावच्या बलईद मुकादमाला शिव्या घालत होती.

मामीचं नाव केल्तूमा. डोंगराच्या पलीकडच्या बाजूने ती लग्न होऊन आमच्या ऐत उझरूमध्ये आली, तेव्हा तिच्या रूपाची नाही, आवाजाची चर्चा झाली. ओढ्याच्या या काठावरून हाक मारली की समोरच्या उतारावरच्या शेळ्या माना वर करायच्या. पाटाच्या पाण्याची पाळी कुणी चोरली की मामी फावडं खांद्यावर टाकून निघायचीच. मग अख्ख्या गावाला कळायचं कुणी चोरली, कधी चोरली, आणि त्याच्या बापाने पूर्वी काय काय चोरलं होतं.

बिही मामा नेमका उलटा. खेचरं हाकायचा, वरच्या वस्त्यांवर पीठ, साखर, गॅसच्या टाक्या पोचवायचा. दिवसभरात माणसांपेक्षा खेचराशी जास्त बोलायचा. माझी आई त्याची सख्खी बहीण. ती म्हणायची, आमच्या बिहीला देवाने जीभ दिली ती फक्त चहा पिण्यापुरती.

मूल होईना तेव्हा आजी मामाच्या मागे लागली, दुसरी कर. रोज जेवताना तेच. एक दिवस मामाने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, "आई, एकीचं ऐकून माझे कान किटलेत. दुसरीचं ऐकायला कान आणू कुठून?" सगळे हसले. मामीही हसली, आणि मग पाणी आणायला म्हणून जी गेली ती बऱ्याच वेळाने परत आली. तो विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

भूकंपाच्या रात्रीचं मी काही सांगणार नाही. मी तेव्हा मराकेशला होते, एका हॉटेलच्या धोबीखान्यात कामाला. भाजीच्या ट्रकात मागे उभी राहून, मग दरड पडली होती तिथून चालत, मी दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले. गाव कुठं संपतंय आणि डोंगर कुठं सुरू होतोय ते कळत नव्हतं. सगळं एकाच मातीचं झालं होतं.

मामी गोठ्याच्या ढिगाऱ्यावर पालथी पडून एका फटीला तोंड लावून बोलत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग आतून आवाज आला.

मामा जिवंत होता. गोठ्याच्या तुळईखाली अडकला होता, आणि तुळईवर मागच्या कड्यावरून आलेली शिळा बसली होती. गावात उरलेल्या पुरुषांनी पहारी लावल्या, दोर लावले, नखं तुटेपर्यंत माती उपसली. शिळा हलेना. पोकलेन हवा होता.

आणि पोकलेन होता. खाली पुलापाशी. आम्हाला वरून दिसत होता, पिवळाधमक.

मामी तिकडे जाऊन आली होती. चालवणारा बिचारा खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला हुकूम आहे. आधी पुलापासून मोठ्या रस्त्यापर्यंत साफ करायचं. मग वर."

"आधी तिकडे का?"

"पाहुणे येणार आहेत पाहणीला."

मुकादमाला निरोप गेला. मुकादम म्हणजे आमच्यासाठी सरकार. जन्माच्या दाखल्यापासून मयतापर्यंत सगळं त्याच्या हातात. बलईद मुकादमाने उलटा निरोप धाडला, "हाकिमसाहेबांच्या हुकमाबाहेर मला जाता येत नाही. सबुरी ठेवा."

मामा सबुरीवालाच होता. फटीतून मला म्हणाला, "महजूबा आली का? एवढ्या लांबून कशाला आलीस?" मग मामीला विचारलं, "खेचराला पाणी पाजलं?"

"पाजलं, पाजलं. तू बोलू नकोस, दम ठेव," मामी म्हणाली. खेचर त्याच्याच शेजारी मरून पडलं होतं. अंधारात त्याला कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि तिला बरं वाटावं म्हणून विचारत होता, देव जाणे.

दुपार व्हायच्या आत तो बोलायचा थांबला. मामीने फटीत पुन्हा पुन्हा हाका मारल्या. त्या आवाजाला डोंगर उत्तर द्यायचा, पण त्या दिवशी फटीतून काही आलं नाही.

आणि मग पाहुणे आले. साफ केलेल्या रस्त्याने गाड्या पुलापर्यंत आल्या, तिथून मंडळी चालत वर आली. पुढे बलईद मुकादम, पांढरी शुभ्र पायघोळ जल्लाबा घालून, मागे त्याचा वरचा अधिकारी, हाकिम, त्याच्या मागे परदेशी लोक आणि कॅमेरे. मुकादम ढिगाऱ्यापाशी थांबला, छातीवर हात ठेवला आणि मामीला मोठ्या मानाने म्हणाला, "लाल्ला केल्तूमा, देवाची मर्जी."

मामी उठली. तिची शाल घसरली, तिने ती सावरली नाही.

"देवाची? देवाला कशाला मध्ये घालतोस रे, मेल्या? देवाने पोकलेन धाडला होता! तू अडवलास! पाहुण्यांचे बूट मळतील म्हणून रस्ता झाडत बसलात होय? अरे, सकाळपर्यंत बोलत होता तो माझ्याशी! एवढी, एवढीच शिळा होती ती! तुझ्या यंत्राने एका घासात उचलली असती!"

'एवढी' म्हणताना तिने दोन्ही हात वर केले होते, शिळा केवढी ते दाखवायला. कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला तो त्याच क्षणी.

महिन्याभराने लियोंला असलेल्या माझ्या चुलतभावाने मोबाइलवर फोटो पाठवला. तंबूत बसून मी मामीला दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ धरला.

"माझ्यासमोर हा मुडदा उभा होता ना? तो कुठं गेला?"

"कापला त्याला, मामी. फोटोतून."

"त्याला कापला आणि मला ठेवलं?" मग तिने खालचं वाचायला सांगितलं. मी वाचून अर्थ सांगितला. "आई म्हणे," एवढंच म्हणाली.

त्या फोटोमुळे मदत आली, हे खोटं नाही. ब्लँकेटं आली, तंबू आले. आणि 'त्या आईच्या लेकरांसाठी' म्हणून खोकीच्या खोकी आली: खेळणी, झबली, लोकरीचे मोजे. मामीने ती सगळ्या तंबूंत वाटली. वाटता वाटता बोटभर लांबीचा एक मोजा हातात घेऊन बसली. मी विचारलं काय झालं, तर माझ्यावरच खेकसली, "काय व्हायचंय? चहा टाक."

फोटोला मोठं बक्षीस मिळालं. आणि ऐका, बलईद मुकादमाने तो फोटो चौकटीत घालून आपल्या कचेरीत लावला! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, ही आमच्या गावची. स्वतः कापला गेला होता, शिव्या कुणाला होत्या ते फोटोत दिसत नव्हतं, म्हणून त्याची छाती फुगली होती. तोवर मी मराकेशला कामावर परतले होते. ते ऐकलं त्या दिवशी मी धोबीखान्यात चादर इस्त्री करता करता जाळली.

वर्ष झालं. आम्ही तंबूतच. पुन्हा गाड्या आल्या, या वेळी टीव्हीवाले आणि मदत देणाऱ्या संस्थांचे बडे लोक. मी सुट्टी काढून गावी आले होते. मामीला जुन्या गोठ्याच्या जागी उभं केलं आणि टीव्हीवाल्या बाईने खुणेने सांगितलं, तसेच हात वर करा.

मामी मला म्हणाली, "हिला काय पाहिजे? मी काय अस्वल आहे?"

हाकिमाच्या कचेरीतला कोट घातलेला एक दुभाषा बरोबर होता. टीव्हीवाली विचारणार फ्रेंचमध्ये, तो आमच्या भाषेत सांगणार, आणि मामीचं तिला समजावणार. तिने विचारलं, वर्षभरानंतर तुमच्या मनात काय आहे?

मामी म्हणाली, "माझा माणूस यांनी मारला. भूकंपाने नाही, यांनी. एक वर्ष झालं, आमची म्हातारी माणसं प्लास्टिकखाली कुडकुडतायत, आणि हे फोटो काढायला येतात. लाज वाटत नाही का रे, मुडद्यांनो?"

दुभाष्याने घसा साफ केला आणि फ्रेंचमध्ये सांगितलं, "ती म्हणते, देवाची मर्जी होती. सर्वांच्या मदतीबद्दल ती ऋणी आहे. आता तिला शांती लाभली आहे."

हॉटेलात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन मला फ्रेंच चांगलं येतं. माझं डोकंच फिरलं.

"खोटं!" मी फ्रेंचमध्ये ओरडले. "ती असं बोललीच नाही!"

सगळे वळले. हाकिम म्हणाला, "ही कोण?"

मामीने विचारलं, "काय सांगितलं त्याने?" मी सांगितलं. तिने दुभाष्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. "महजूबा, तू सांग. एकही शब्द गाळू नकोस."

मी सांगितलं. पोकलेनचं सांगितलं, पुलाचं सांगितलं, हात कशासाठी वर केले होते ते सांगितलं. 'मुडद्यांनो'ला मला धड फ्रेंच शब्द सापडला नाही, तेवढं राहिलं. टीव्हीवाली बाई पांढरी पडली. हाकिमाने पुढे होऊन कॅमेऱ्याच्या तोंडावर हात धरला आणि मामीला म्हणाला, "लाल्ला, हळू बोला. पाहुणे आहेत."

"हळू बोलणारा होता एक. तो या दगडाखाली गेला."

कार्यक्रम गुंडाळला. मंडळी गाड्यांकडे निघाली. पण मामी त्यांच्या आधी उतारावरून खाली पोचली आणि पुलाच्या मधोमध फतकल मारून बसली. मग म्हातारी त्लायतमास काठी टेकत आली आणि तिच्या शेजारी बसली. मग शेजारची तामू, मग तिच्या सुना. बघता बघता पूल बायकांनी भरला. मीही बसले.

बलईद मुकादम धावत आला. "केल्तूमा, ऊठ! साहेबांना उशीर होतोय!"

"होऊ दे की. सबुरी ठेव म्हणावं साहेबांना."

"पोलिस बोलावीन!"

"बोलाव. रस्ता साफ आहे, लवकर येतील."

बायका खदाखदा हसल्या. पुलावर हसू येईल असं मला वर्षभर वाटलं नव्हतं.

ऊन कलेपर्यंत गाड्या अडकून होत्या. परदेशी पाहुणे भुकेने कासावीस झाले तेव्हा मामीनेच तामूच्या सुनेला धाडून चहा आणि सातूची भाकरी आणवली. पाहुणे ते पाहुणे, त्यांना उपाशी ठेवायची रीत आमच्यात नाही. टीव्हीवाल्या बाईला पहिला पेला दिला. हाकिमाने हात पुढे केला तर मामीने किटली बाजूला घेतली.

शेवटी पोलिस आले आणि मामीला घेऊन गेले. कोठडीत मात्र घातलं नाही. जगभर ज्या बाईचा फोटो, तिला गजाआड बसवायची कुणाची छाती झाली नाही. रात्रभर बाकावर बसवलं आणि सकाळी सोडलं. त्या फोटोचा आमच्या कामी आलेला उपयोग म्हटला तर एवढाच.

टीव्हीवर काय दिसलं? चिमूटभर. मामी बोलतेय, मी सांगतेय, आणि मग हाकिमाचा तळहात. मला हॉटेलवाल्यांनी निरोप पाठवला, परत येऊ नकोस. बलईद मुकादमाची दुसऱ्या खोऱ्यात बदली झाली. लोक म्हणतात, तिकडे त्याला घर मोठं मिळालंय. आधी रस्ता साफ करायचा हुकूम ज्या हाकिमाने दिला त्याला कुणी काही विचारलं नाही. मला अजून कधी कधी वाटतं, जाऊन त्याच्या दारात पोकलेन उभा करावा.

यंदा नवीन हाकिम आला. त्याने गावातलं पहिलं पक्कं घर मामीला द्यायचं ठरवलं, फीत, ढोल, कॅमेरा, सगळं. तंबूतले काही जण कुजबुजले, आता हिचं तोंड बंद. मीही तिला विचारलं, "मामी, घेणार?"

"का नाही घेणार? घर माझ्या हक्काचं आहे. तोंड बंद करायचं कुठं ठरलंय?"

फीत कापताना तिच्या हातात माइक कुणी दिला नाही. तिला माइक लागतही नाही. "बाकीची घरं कधी?" एवढंच ती म्हणाली, पण ते ओढ्यापलीकडे ऐकू गेलं. नवा हाकिम कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिला.

परवा बर्फ पडला. तामूची धाकटी सून तंबूत बाळंत झाली होती, तिला पोरासकट मामी आपल्या घरात घेऊन आली आणि चुलीजवळची जागा दिली. त्लायतमास आधीपासूनच तिथं आहे, तिच्या खोकल्यासकट. मी पण तिथंच राहते. आज उजाडायच्या आत मामी शाल बांधून हाकिमाच्या कचेरीत भांडायला गेली आहे. संध्याकाळच्या टॅक्सीने येईल. मी भाकऱ्या थापून ठेवते आहे. परत आली की तिला भूक फार लागते.