गर्डरपर्यंत चौदा हात

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातला पहिला खरा शोधनिबंध पाठवायला बसले. खरा म्हणते, कारण त्याआधीचे माझे अकरा पेपर कुठल्या ना कुठल्या परिसंवादाच्या जाडजूड पुस्तकांत छापून आले होते, आणि ते मी आणि छापखान्यातला माणूस सोडून तिसऱ्या कुणी वाचले असतील असं मला वाटत नाही. नगरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. बढतीची फाईल त्या वर्षी जाणार होती आणि तिच्यात नावाजलेल्या जर्नलमधला निदान एक पेपर हवा होता. पण नुसत्या बढतीसाठी मी एवढी पेटले नव्हते. पंचवीस वर्षं मी भूजल शिकवलं ते दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. या वेळी माझ्या हाती माझं स्वतःचं काहीतरी लागलं होतं.

लागलं होतं ते एका चहाच्या कपामुळे. कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर खर्ड्याच्या अलीकडे एका गावात होतं. मुलं बांध घालत होती आणि मी एका घराच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. दाराशेजारी खिळ्याला दोऱ्याने तीन वह्या टांगलेल्या दिसल्या. चाळल्या तर पानोपान तारखा आणि आकडे. घरातल्या सूनबाईंनी सांगितलं, विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते दर सोमवारी मोजून त्यात लिहिलं जातं. विहीर चार भावांत सामाईक. कुणाची मोटर किती तास चालवायची ते पाण्यावर ठरायचं, म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी ही मोजणी सुरू केली. पुढे बाकीच्या भावांनी बोअर पाडले आणि मोजायचं कारण उरलं नाही, तरी मोजणी चालू राहिली. सोळा वर्षांची नोंद, एकही सोमवार चुकलेला नाही. माझ्या हातातला कप तिरका झाला आणि चहा साडीवर सांडला.

आकडे होते हातांत, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पुस्तकात हात म्हणजे अठरा इंच. मी प्रत्येक आकड्याला अठराने गुणलं, फूट काढले आणि सगळं एक्सेलमध्ये भरलं. त्यात एक उन्हाळा गेला. आलेख काढून दिले आमच्याकडच्या गणिताच्या सरांनी. सर निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, अत्यंत शांत गृहस्थ. माझा पारा चढला की ते डब्यातले शेंगदाणे पुढे करतात. त्या आलेखावर मात्र तेही खूश झाले. पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली अशी रेघ आठेक वर्षं छान चालत होती, आणि मग एका चैत्रात ती तीन आठवड्यांत साडेसात फूट खाली गेली, ती पुन्हा त्या उंचीला कधी आलीच नाही. नेमके त्याच सुमाराला शेजारी बोअर पडले होते. सर त्या घसरणीला 'आपली पायरी' म्हणत. अख्खा पेपर आम्ही त्या पायरीवर उभा केला.

जर्नलला पेपर पाठवणं म्हणजे पेपर लिहिण्याच्या दुप्पट काम. त्यांच्या वेबसाईटवर एकामागून एक अकरा पानं भरायची. संपादकांना पत्र, लेखकांचे ईमेल, पाच ओळींत सारांश, हितसंबंध नसल्याचं निवेदन. एक पान भरून पुढे जावं तर मागचं पुसलेलं. माझ्या तोंडून जे शब्द गेले ते मी चर्चमध्ये उपासनेला शेजारी बसणाऱ्या बायकांना ऐकवणार नाही. दहाव्या पानावर एक यादी होती: मोजमाप कुणी केलं, कसं केलं, साधनाचा फोटो जोडा.

मी पेपरात ऐटीत लिहून ठेवलं होतं, 'प्रशिक्षित निरीक्षकाने खुणा केलेल्या दोराच्या साहाय्याने'. प्रशिक्षित कोण, खुणा कसल्या, हे मला ठाऊक नव्हतं. वह्या वाचल्या होत्या, मोजताना कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, एक फोटो काढून आणू आणि विषय संपवू.

रविवारी उपासना बुडवून मी केडगावच्या घरून निघाले, एस.टी.ने जामखेड आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने. सूनबाई घरीच होत्या. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण चणीने लहान, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला बाई म्हणतात. आल्या आल्या मी कौतुकाने तो आलेख दाखवला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"ही रेघ बघा ताई. बोअर पडले त्या वर्षी तुमच्या विहिरीचं पाणी एकदम साडेसात फूट खाली गेलं."

त्यांनी कागद नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई बाई. एकदम न्हाई गेलं. जरा जरा जातंय दरसाल."

"अहो, तुमच्याच वहीत आहे. अठ्ठावीस हातांवरून तेहतीस."

"तसं आसंल. पन दोर तोच हाय. मामांच्या वख्ताचा." सासऱ्यांना त्या मामा म्हणायच्या. "पानी येवढं खाली गेलं असतं तर दोर पुरला असता का? दोर वाढवाया म्या एक गाठ न्हाई मारली."

मी म्हटलं, मोजून दाखवा. आम्ही विहिरीवर गेलो. काठाच्या दगडाला एक खाच होती. त्यांनी दोराला बांधलेला धोंडा खाचेतून खाली सोडला, पाण्याला लागल्यावर खाचेपाशी दोराला चिमटा धरला आणि दोर वर ओढून घेतला. मग ओल्या टोकापासून चिमट्यापर्यंत कोपर ते बोट, कोपर ते बोट असा दोर मोजत गेल्या. मी मोबाईल धरून फोटो काढत होते. तिसऱ्या की चौथ्या फोटोत माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं, आणि मी मोबाईल खाली घेतला.

"ताई, मामा असताना कोण मोजायचं?"

"मामाच की. त्येंना लिवता येत नव्हतं. त्ये मोजायचे आन् म्या लिवायची. त्या चैत्रात त्ये गेले. दोन सोमवार हितं मानसंच मानसं हुती, तरी मोटार चालू कराया येनाऱ्या गड्याकडून आकडा घेऊन म्या लिवला. तिसऱ्या सोमवारपासनं म्याच मोजते."

सोळा वर्षं एकच अक्षर. त्या अक्षरावर विसंबून मी मोजणारा माणूसही एकच धरला होता.

"मामा उंच होते का?"

"लई. ह्या दारातनं वाकून यायचे."

"आणि तुमचा हात त्यांच्यापेक्षा लहान."

"व्हय. त्ये मला म्हाईतच हुतं," त्या सहज म्हणाल्या. "मला वाटलं, तुमी शिकलेल्या, तुमी त्ये धरलं आसंल. तुमी कवा इचारलंच न्हाई."

लाज वाटली, आणि रागही आला, आणि रागवायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बोअरने पाणी पळवलं म्हणून मी जी पायरी जगाला दाखवायला निघाले होते, ती एका उंच माणसाच्या जाण्याची होती. मी काठावरच बसले. सूनबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्या पाणी घेऊन आल्या.

पाणी पिताना प्रश्न पडला, मामांचा हात आता आणायचा कुठून. माणूस गेलेला. सदरा मिळेल, चप्पल मिळेल, त्यावरून हात कसा काढणार? असं काही हवं होतं जे त्यांनी स्वतःच्या हाताने मोजलंय आणि अजून जागेवर आहे. सूनबाईंनी पहिली वही काढून आणली. पहिलं पान मी शिबिरात बघितलं होतं, पण त्यावर तारखा नव्हत्या म्हणून एक्सेलमध्ये घेतलं नव्हतं. वर देवाचं नाव, खाली चार भावांच्या मोटरचे तास आणि त्याखाली एक ओळ: 'खाचेपासून गर्डरपर्यंत चौदा हात.' गर्डर म्हणजे विहिरीच्या भिंतीत आडवा ठोकलेला लोखंडी खांब, त्यावर मोटर बसवलेली असायची. पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढलं की मोटर वर ओढायची, म्हणून ते अंतर लिहून ठेवलेलं. मी वाकून पाहिलं. गंजलेला गर्डर अजून तिथेच होता.

सूनबाईंनी आधी आपल्या हाताने मोजलं. साडेसोळा. मग मी पिशवीतली टेप धोंड्याला बांधून सोडली. बावीस फूट नऊ इंच. मोबाईलवर चौदाने भागलं आणि उत्तर आलं साडेएकोणीस इंच. साडेसोळाने भागलं, साडेसोळा इंच. तीन इंचांचा फरक, तो प्रत्येक हातामागे एकदा असा तेहतीस वेळा माझ्या पेपरात शिरला होता.

मी टेप साडेएकोणीस इंचांवर धरली आणि म्हटलं, "ताई, हा मामांचा हात."

त्यांनी कोपर टेपच्या टोकाला लावलं आणि हात पसरला. त्यांची बोटं संपली तिथून पुढे टेप होती. त्या मोकळ्या तुकड्यावर त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा हलकेच फिरवला. "येवढाच हुता," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसून चहा ठेवायला आत गेल्या. मी बाहेरच थांबले. मला आत जाववेना.

खोटं कशाला बोलू, परतीच्या एस.टी.त मी हिशेब केला की तो फोटो जोडलाच नाही तर कुणाला काय कळणार आहे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोटो सक्तीचा आहे का?" मी म्हटलं, नाही, ऐच्छिक आहे. त्यांनी शेंगदाण्यांचा डबा उघडला, माझ्यापुढे केला, आणि मी घ्यायच्या आत बंद केला.

"आपली पायरी गेली म्हणजे," ते म्हणाले.

"गेली."

"मग द्या ते दोन आकडे. पहिल्यापासून काढू."

नवा आलेख आला तो बघवत नव्हता, इतका साधा होता. सोळा वर्षांत पाणी मिळून साडेचार फूटही उतरलं नव्हतं, तेही इंचाइंचाने. सूनबाई म्हणाल्या होत्या तसंच, जरा जरा दरसाल. तोच आलेख घालून पाठवलेला पेपर त्या जर्नलने आठ दिवसांत परत केला. विषय स्थानिक महत्त्वाचा आहे, म्हणाले. बढतीची माझी फाईल त्या वर्षी गेलीच नाही. त्या महिन्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही, आणि वर्गात मुलांवर उगाच खेकसले.

मग आम्ही तो दुसऱ्या एका लहान जर्नलला पाठवायचा ठरवला. पुन्हा अकरा पानं नसली तरी नऊ होतीच. या वेळी 'प्रशिक्षित निरीक्षक' काढून टाकला. दोन माणसं, दोन हात, एक गर्डर, मधले गड्याच्या आकड्यांचे दोन सोमवार, सगळं होतं तसं लिहिलं. लेखकांच्या नावांच्या पानाशी आल्यावर मी थांबले आणि सूनबाईंना फोन केला.

"ताई, पेपरवर तुमचं नाव घालायचंय. आमच्या बरोबरीने."

"माजं कशाला? दहावी नापास हाय म्या."

"मोजलं कुणी? लिहिलं कुणी?"

पलीकडून आवाज आला, "घालायचं तर मामांचं आदी घाला. माज्या आदी त्येंनी मोजलंय."

मी संपादकांना लिहून विचारलं, हयात नसलेल्या माणसाचं नाव लेखक म्हणून घालता येतं का. उत्तर आलं, येतं, घरच्यांचं संमतीपत्र हवं. मी मसुदा टाईप करून पाठवणार होते, पण त्याआधीच सूनबाईंनी स्वतः लिहून मोबाईलवर फोटो पाठवला. वहीचंच पान, तेच सोळा वर्षांचं अक्षर. 'माझे सासरे यांनी आठ वर्षे विहिरीचे पाणी मोजले. ते खरे मोजले आहे. त्यांचे नाव छापण्यास आम्हा घरच्यांची हरकत नाही.' खाली सही. त्या दिवशी सोमवार होता, म्हणून सहीच्या खाली अजून एक ओळ होती: 'आजचे पाणी पस्तीस हात. हात माझा.'

सरांनी विचारलं, ती शेवटची ओळ कापून पत्र जोडायचं का? मी नको म्हटलं आणि अख्खं पान तसंच अपलोड केलं. पेपर पाच महिन्यांनी छापून आला. बढती त्याच्यानंतर वर्षाने मिळाली. गेल्या शिबिराला त्या गावी गेले होते तेव्हा चौथी वही खिळ्याला होती. मी ती काढून पाहिली. प्रत्येक सोमवारच्या आकड्यापुढे आता 'माझा' असं लिहिलेलं आहे.